साबळेकाकांची बखिया

कंप्रेसर म्हटलं की मला फ्रीजच्या पाठीमागचा, गरम होऊन घरघरणारा डबा तेवढा माहीत होता. त्यामुळे साबळेकाका पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "गीता, तुझा आवाज कंप्रेसरमधून काढावा लागेल," तेव्हा मी पर्स उचलून सरळ दाराकडे निघाले होते. माझा आवाज लहान आहे हे मला ठाऊक आहे. सासरी, माहेरी आणि लखनौच्या आमच्या महाराष्ट्र मंडळात, सगळीकडे सांगून झालंय. पण म्हणून काय यंत्रात घालून पिळायचा? काकूंनी मला हाताला धरून परत बसवलं आणि चहा दिला. काकांनी तोवर माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ते एका वायरीला कथलाचा डाग देत होते.

साबळेकाका म्हणजे निवृत्त सुभेदार गोपीनाथ साबळे. मूळचे फलटणकडचे. फौजेत, सिग्नल्समध्ये, अठ्ठावीस वर्षं वायरलेसचे संच दुरुस्त केले. शेवटची बदली लखनौ छावणीत झाली आणि अठ्ठ्याऐंशी साली पेन्शन घेऊन ते छावणीला लागूनच तेलीबागेत घर बांधून राहिले. "गावी का नाही गेलात?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गावी लाइट कुठे टिकते?" हे उत्तर त्यांनी मला मेणबत्तीच्या उजेडात दिलं, कारण तेलीबागेतली लाइट सकाळपासून गेलेली होती. असा माणूस.

घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. दारावर पाटी होती, 'चंद्रप्रभा रेकॉर्डिंग'. चंद्रप्रभा म्हणजे आमच्या काकू. आतल्या खोलीत माइक, भिंतींना फौजी कांबळी ठोकलेली. बाहेरच्या खोलीत मशीन आणि काकांची खुर्ची. दोन्हींच्या मध्ये काच. बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी, मधल्या काचेला लागूनच, उजेडात, काकू चिकनचं भरतकाम करत बसलेल्या असायच्या. फलटणची बाई, पण लखनौत आल्यावर शेजारणींकडून ही कला अशी शिकली की शेजारणीच नमुना विचारायला येत.

आणि त्या काकू स्टुडिओच्या खऱ्या मालक होत्या. जागरणवाले, सोहर म्हणजे बाळजन्माची गाणी गाणाऱ्या बायका, कव्वालीच्या पार्ट्या, शाळांची समूहगीतं, निवडणुकीच्या घोषणा, जे काही तिथे रेकॉर्ड होई, ते काकूंच्या कानाखालून जाई. मान खाली, सुई चालू. पण सूर हलला, शब्द खाल्ला, कोणी नको तिथे श्वास घेतला, की काकू हातातली कात्री उचलायच्या आणि तिच्या मुठीने काचेवर वाजवायच्या. टक. म्हणजे पुन्हा. काका मुकाट्याने टेप मागे घ्यायचे. एका नामांकित जागरणवाल्याला त्यांनी एका दुपारी नऊ वेळा थांबवलं. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "माताजी, देवी माँ भी इतनी परीक्षा नहीं लेतीं." काकू म्हणाल्या, "देवी माँ को कैसेट नहीं बेचनी पड़ती, भैया."

काका येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे, "हिचा कान आहे तोवर हे दुकान. ज्या दिवशी हिचा कान गेला, त्या दिवशी पाटी उतरवणार." हे म्हणताना काका हसायचे. काकूही हसायच्या. आम्हीही हसायचो.

आता ती बखिया काय ते सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येतं.

कंप्रेसर हा मशीनच्या शेजारी ठेवलेला एक चपटा डबा. त्याचं काम, काकांच्या भाषेत, हवालदाराचं. जो आवाज उंच उठेल त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला खाली दाबायचं. मोठा आवाज खाली आला की सगळं गाणं मिळून वर उचलता येतं, आणि हळू गायलेले शब्दही सवारीच्या टेम्पोतल्या खडखडाटात ऐकू येतात. पण त्यात गाण्याचा जीव जातो. हाक हाक राहत नाही, कुजबुज कुजबुज राहत नाही. "सगळे एका उंचीचे, परेडला उभे," काका म्हणायचे. "परेड बघायला बरी, पण परेडला कुणी रडतं का?"

नव्वदच्या आसपास मलिहाबादकडची, बिरहा ही तिकडची लोकगीतं गाणारी एक पार्टी आली होती. त्यांचा म्होरक्या कानावर हात ठेवून अशी हाक घालायचा की काच थरथरावी, आणि दुसऱ्याच ओळीला आईशी बोलावं तितकं हळू बोलायचा. दाबावं तर हाक मरते, न दाबावं तर ते हळू बोलणं टेपच्या सरसरीत बुडतं. काका तीन दिवस त्याच्यापुढे हात टेकून बसले होते. चौथ्या दिवशी चहा पिताना त्यांचं लक्ष काकूंच्या हातातल्या कुर्त्याकडे गेलं. पांढऱ्या मलमलीवर पाकळ्यांत फिकट निळी छटा होती.

"हा रंग कुठून आला?" काकांनी विचारलं. "वर तर टाका दिसत नाही."

काकूंनी कापड उलटं करून दाखवलं. सगळा निळा दोरा मागच्या बाजूने भरलेला. "ही उलटी बखिया. मलमल पातळ असते, मागे भरलेलं पुढे सावलीसारखं दिसतं. पुढचं कापड आहे तसंच राहतं, त्याला कुणी हात लावत नाही."

काका अर्धा चहा टाकून उठले. गाणाऱ्याच्या एकाच आवाजाच्या त्यांनी दोन वाटा केल्या. एक वाट सरळ मशीनकडे, तिला हात लावायचा नाही, हाक हाकेसारखी आणि कुजबुज कुजबुजीसारखी. दुसरी वाट कंप्रेसरमधून, अगदी निर्दयपणे पिळून काढलेली. ती पिळलेली नक्कल मग खऱ्या आवाजाच्या खाली, अगदी हळू, सरकवत न्यायची. मोठ्या जागी ती कळतसुद्धा नाही. हळू जागी मात्र ती खालून आधार देते, आणि बुडणारे शब्द वर तरंगतात. म्होरक्याची हाक तशीच राहिली आणि आईशी बोललेलंही कळायला लागलं. काकूंची कात्री जागची हलली नाही.

पुढे कुठल्याशा परदेशी मासिकात काकांना समजलं की विलायतेत ही युक्ती आधीपासून करतात आणि तिला मोठं नाव आहे. काकांना त्याचं काही नव्हतं. ते तिला बखियाच म्हणत राहिले. गिऱ्हाइकंही म्हणायला लागली, "फौजी साहब, थोड़ी बखिया डाल दीजिए." माझ्या लहान आवाजालाही काकांनी अशी बखिया घातली, आणि मंडळाच्या गणपतीत माझं भजन पहिल्यांदा शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. तेव्हापासून मी त्या दोघांच्या घरचीच झाले.

चौऱ्याण्णव साली मंडळाला पाळण्याची कॅसेट काढायची लहर आली. लहर म्हणजे गरजच होती. छावणीत एका बारशाला आम्ही सगळ्याजणी गेलो होतो. पाळणा सजवलेला, बाळ घातलेलं, आणि पाळणा म्हणायची वेळ आली तर सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडे बघतायत. कुणाला पहिलं कडवं येतं तर कुणाला शेवटचं. अखेर एकीने गणपतीची आरती सुरू केली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. बाळ बिचारं मोदकाच्या भावात निभावून नेलं. परत येताना मी म्हटलं, हे शोभत नाही. एक कॅसेट करूया, ज्या घरी बारसं तिथे वाजवता येईल.

पाळणा काकूंनी रचला. त्यात गोमती होती, मलिहाबादचा दशहरी आंबा होता आणि फलटणची माहेरची माणसं होती. मुख्य आवाज माझा, मागे मंडळाच्या पाचजणी 'जो जो रे जो' म्हणणाऱ्या, आणि एक ढोलकी. त्यातलं तिसरं कडवं असं:

गोमतीकाठी बांधिला पाळणा, दोरी रेशमाची लांब
दशहरीच्या ग सावलीत बाळा, निजून घटकाभर थांब

रेकॉर्डिंग एका दुपारी आटपलं. काकूंनी एकदाही काच वाजवली नाही. खरं सांगायचं तर दीड-दोन वर्षांत कुणाच्याच गाण्याला वाजवली नव्हती. आम्हाला वाटलं, आपण सुधारलो. किती सहज वाटलं आम्हाला ते.

त्याच आठवड्यात लाइट गेली आणि येताना अशी दणकून आली की काकांचा कंप्रेसर जळाला. दिल्लीच्या बाजारातून त्यांनी दुसरा जुना मागवला आणि घरच्या घरी वायरी जोडून कॅसेट पुरी केली. त्यात काकांना सर्दी झालेली, दोन्ही कानांना दडे बसलेले. मी म्हटलंदेखील, बरे व्हा, मग करा. पण मेजर निरंजन कर्णिकांच्या बाळाचं बारसं तोंडावर आलेलं. काका म्हणाले, "माझे कान बंद असले म्हणून काय झालं? हिचे उघडे आहेत ना." काकूंनी पूर्ण कॅसेट ऐकली, मान डोलावली आणि म्हणाल्या, "छान झालंय."

कर्णिकांचं बारसं छावणीतल्या त्यांच्या बंगल्यात होतं. बाळाची आई उत्कर्षा नवी साडी नेसून पाळण्यापाशी उभी. मी पुढच्या रांगेत, उगाच नम्र चेहरा करून. कॅसेट लावली. ढोलकी वाजली, झक्क. पाचजणींचं 'जो जो रे जो' आलं, खणखणीत. आणि मग मी एकटी गाते ती ओळ आली. आली कसली, गेली. कुणीतरी परातीखाली झाकून ठेवल्यासारखी. ढोलकी जरा उसंत घेई आणि मी हळू व्हायची तिथे तर चक्क काहीच नाही, लांब कुठेतरी एक डास. मग पुन्हा दणदणीत 'जो जो रे जो'. चार कडवी हेच. बायका शिष्टाचाराने पाळण्याची दोरी ओढत होत्या. कुणीतरी समजुतीने म्हणालं, "नवी कॅसेट आहे, सेट होईल." माझा यश तेव्हा नऊ वर्षांचा. मराठी सगळं समजतं, पण बोलणार हिंदीत. तो भर सभेत म्हणाला, "मम्मी, इसमें आप तो हो ही नहीं."

माझ्या जिभेला हाड नाही हे आमचे हे लग्नापासून सांगत आलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो पकडून तेलीबागेत गेले आणि काकांना उभ्या उभ्या फैलावर घेतलं. काकू खिडकीशी भरत करत होत्या, त्यांच्या देखत. म्हटलं, "तुम्हाला माझा आवाज आवडत नव्हता तर तोंडावर सांगायचं होतं. तुमच्या त्या बखियेने माझा गळाच शिवून टाकलात." आणखीही बरंच बोलले. ते लिहायची मला आज लाज वाटते. काका उठले आणि त्यांनी कॅसेट लावली. त्यांची सर्दी आता गेली होती.

पहिल्या कडव्यातच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मशीन बंद केलं. "हे कसं झालं? हिने ऐकली होती," ते म्हणाले. "हिने पास केली होती."

आम्ही दोघांनी एकदमच खिडकीकडे पाहिलं. काकू आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. सुई वर जात होती, खाली येत होती. मी त्याच खोलीत पाव तास माझ्या या लहान आवाजात तणतणले होते आणि ती सुई एकदाही अडखळली नव्हती. हे माझ्या ध्यानात आलं तसं काकांच्याही आलं. ते पुढे झाले. काकूंच्या बाजूला पडलेली कात्री त्यांनी हळूच उचलली आणि काचेवर वाजवली. टक.

काकूंनी मागे पाहिलं नाही.

काकांनी पुन्हा वाजवली, जरा जोरात. मग ते त्यांच्या कानापाशी जाऊन "अगं!" म्हणून ओरडले, तशा काकू दचकल्या आणि दोन्ही हात कानांवर दाबून म्हणाल्या, "ओरडता काय असे!" मग त्यांना काकांच्या हातातली कात्री दिसली. त्या सगळं समजल्या.

"दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "हळू बोललेलं काही येतच नाही, समोरच्याचे ओठ बघून ओळखते. आणि मोठ्याने बोललेलं खिळ्यासारखं घुसतं."

"मग पास कसं करत होतीस?"

"तुमच्या तोंडाकडे बघून. तुम्ही खूश दिसलात की मी छान म्हणायची. मशीनवरचा आवाजाचा काटा बघायची. यावेळी सर्दीमुळे तुमचं तोंडच कळत नव्हतं, मग म्हटलं, छानच असेल."

म्हणजे दोन वर्षं काका काकूंच्या कानावर विसंबून होते आणि काकू काकांच्या चेहऱ्यावर. मला हसावं की रडावं कळेना. काकांनी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पाटी उतरवली असती तुम्ही. रोज तेच म्हणत होता की. मग दिवसभर काय केलं असतं, पेन्शन घेऊन फाटकावर बसला असता?"

काका शब्दाचे पक्के. अशा वेळी पक्का माणूस किती मूर्ख असतो ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी स्टूल घेतलं, दारावरची पाटी उतरवली, मशीनवर कांबळं टाकलं आणि बाहेर जाऊन खरंच फाटकाशी बसले. काकू स्वयंपाकघरात गेल्या. मी दोघांच्या मध्ये उभी, आणि आग लावणारी मीच.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. प्रायश्चित्त म्हणा. फौजी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काकूंना कानाचं यंत्र दिलं, गळ्यात डबी आणि कानापर्यंत वायर. काकूंनी ते चार दिवस वापरलं. कुकरची शिटी झाली की त्या बसल्या जागी उडायच्या. टेम्पोचा हॉर्न वाजला की डोळ्यांत पाणी. पाचव्या दिवशी ते यंत्र मला साबुदाण्याच्या डब्यात सापडलं.

"काकू, हे इथे?"

"राहू दे तिथेच. मेलं सगळंच वर उचलतं. जे मोठं आहे तेही आणि जे हळू आहे तेही. मला मोठं नकोय ग, मोठं माझं मला येतं. मला फक्त हळू ते हवंय."

काका दारात चप्पल काढत होते. एक चप्पल पायात, एक हातात, तसेच उभे राहिले. मग मागच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले तर कांबळं जमिनीवर आणि काका कंप्रेसरच्या डब्याचे स्क्रू काढतायत.

त्या दुपारी पाळणा कुठे बुडाला ते सापडलं. त्या मशीनच्या प्लगला तीन खुंट्या असतात. काकांच्या जळलेल्या कंप्रेसरमध्ये आवाज दुसऱ्या खुंटीवरून यायचा. दिल्लीहून आलेल्या जुन्या डब्यात तो तिसरीवरून. काकांचा हात पाच-सहा वर्षांच्या सवयीने दुसरीलाच डाग देऊन मोकळा झाला होता. त्यामुळे पिळलेली नक्कल उलटी होऊन येत होती. मला काही कळलं नाही तेव्हा ते म्हणाले, "एकाच दाराला एकजण ढकलतोय आणि दुसरा त्याच वेळी ओढतोय. दार हलणार कसं? तू मोठ्याने गातेस तिथे खरा आवाज नकलेपेक्षा जबरदस्त, तो निभावतो. हळू गातेस तिथे दोघे तोडीस तोड. एकमेकांना खाऊन टाकतात." माझा आवाज सगळाच हळू, म्हणून मी सगळीच खाल्ली गेले. "मी ऐकलं असतं तर एका मिनिटात पकडलं असतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तिनेही पकडलं असतं."

वायर सरळ झाली. पण काकांनी डबा बंद केला नाही. त्यांनी जुने फौजी हेडफोन काढले, त्यांच्या गाद्या बदलल्या आणि काकूंसाठी वेगळी जोडणी केली. खरा आवाज जसा आहे तसा, आणि त्याच्याखाली पिळलेली नक्कल, आपल्या कानाला सोसणार नाही इतकी भरून. मोठं मोठंच राहील, वाढणार नाही. हळू ते खालून वर येईल. काकूंनाच बखिया घातली म्हणा ना. आठवडाभर ते जुन्या टेपा लावत होते, इकडचं बटण जरा फिरव, तिकडचं जरा फिरव, आणि विचारत होते, "आता?"

"छान," काकू म्हणायच्या.

"आणि आता?"

"तेही छान."

काका डोक्याला हात लावून बाहेर आले. "जिने मला दोन वर्षं छान म्हणून फसवलं," ते मला म्हणाले, "तिच्या छानवर मी विश्वास कसा ठेवू? मला वाईट वाटू नये म्हणून ती मरेपर्यंत छान म्हणेल." खरंच होतं ते. काकू तशाच आहेत.

मग त्यांनी ठरवलं. पाळणा पुन्हा रेकॉर्ड करायचा होताच. "तू ये आणि गा. तिला मी काही विचारणार नाही. तिने आपणहून काच वाजवली तर पाटी परत लावीन. नाही वाजवली, तर हे मशीन कुणा गरजूला देऊन टाकतो आणि गावी जातो." गावी! जिथे लाइट टिकत नाही. मी समजले की माणूस खरोखरच घाबरला आहे.

मे महिना होता. आवाज नको म्हणून कूलर बंद, कांबळ्यांच्या खोलीत मी घामाने निथळत उभी. काचेतून मला दोघंही दिसत होते. काकू खिडकीशी, कानांवर ते मोठाले हेडफोन, मांडीवर कुर्ता. काकांनी मशीनच्या काट्यावर रुमाल टाकला होता आणि खुर्ची फिरवून काकूंकडे पाठ केली होती. म्हणजे चेहरा वाचून पास करायची सोय नाही. पाचजणींचं कोरस आणि ढोलकी आधीच टेपवर घेतलेली होती, ती माझ्या कानात वाजत होती. काकांनी बोट वर केलं. मी गायला लागले.

पहिलं कडवं बरं गेलं. दुसरंही. तिसऱ्या कडव्यात माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला आणि मी 'दशहरीच्या' म्हणता म्हणता मध्येच श्वास घेतला. 'दश', आणि मग 'हरीच्या'. अगदी हळू घेतला, पण चूक ती चूक. मला कळली. काकांनाही कळली, कारण त्यांचा हात बटणाकडे गेला आणि वाटेतच थांबला. त्यांनी तो हात मागे घेऊन मांडीखाली दाबून ठेवला. माझ्याकडे पाहून मान हलवली, गात राहा. मी गात राहिले.

ओळ संपली. काकूंची मान खाली, सुई वर, सुई खाली. 'जो जो रे जो' झालं. पुढची ओळ सुरू झाली. आयुष्यभर मी चूक दाखवणाऱ्यांशी भांडत आले. त्या दिवशी मनातल्या मनात काकूंना विनवत होते, दाखवा ना हो, चूक दाखवा, एवढी मोठी चूक केली आहे मी. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते.

काकूंची सुई थांबली. त्यांनी कुर्ता खाली ठेवला, कात्री उचलली आणि दोरा कापला. संपलं, मला वाटलं, दोरा संपला म्हणून थांबल्या. मग त्यांनी कात्री हातात फिरवली, मूठ पुढे केली, आणि काचेवर वाजवली.

टक.

मी गाणं सोडलं. काका हलले नाहीत. काकूंनी हेडफोनचा एक कान वर केला आणि नेहमीच्या त्या चिडक्या आवाजात बोलल्या, "गीता, दशहरीच्या पोटात श्वास कशाला घेतेस? आंबा कापलास मधोमध. पुन्हा घे. आणि अहो, तो न्हाणीघरातला नळ आधी बंद करा. पहिल्या कडव्यापासून टपटपतोय."

नळ? मी कान दिला. माझ्या खोलीमागेच न्हाणीघराची भिंत, पण मला काही ऐकू येईना. काकांनाही येत नव्हतं, ते त्यांच्या तोंडावरून दिसलं. ते उठले आणि पाहायला गेले. मीही दार उघडून डोकावले. नळ खरंच गळत होता. खाली बादलीवर वाळत घातलेलं फडकं होतं, त्यावर एकेक थेंब पडत होता, ज्याचा आवाज तुम्हाआम्हाला बाजूला उभं राहूनही आला नसता.

नळ बंद करायला माणसाला कितीसा वेळ लागतो? काका चांगली दहा मिनिटं आत होते. बाहेर आले ते तोंड धुऊन, सदऱ्याच्या बाहीला पुसत. काकूंकडे न बघता खुर्चीत बसले आणि टेप मागे घेतली.

"पुन्हा," ते मला म्हणाले.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या कडव्यात माझं लक्ष काकांच्या ओल्या बाहीकडे गेलं आणि 'सावलीत' नीट निघालं नाही. काकूंनी लगेच काच वाजवली.